जास्वंद निळी का झाली नाही?

वडगावहून एका ताईंनी विचारलंय. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. जुलैचा पाऊस, शाळेला सारखी सुट्टी आणि पोरं घरात. मोबाईलवर बघून त्यांनी परड्यातली लाल जास्वंद तोडून निळ्या पाण्याच्या ग्लासात ठेवली. संध्याकाळपर्यंत फूल निळं होतं असं व्हिडिओत दाखवलं होतं. संध्याकाळी फूल मिटलं, निळं काही झालं नाही. मुलगा म्हणाला, "खोटं असतं हे सगळं." तेव्हा चुकलं काय, आणि विकतचं किट न आणता घरच्या घरी फुलांवर आणखी काय काय करता येईल, असा त्यांचा प्रश्न.

ताई, तुमच्या मुलाचं बोलणं मला आवडलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. "खोटं असतं हे" असं तोंडावर म्हणणारं पोर वर्गात एखादंच भेटायचं. बाकीची फळ्यावर जे असेल ते मुकाट उतरवून घ्यायची. तेव्हा त्याला गप्प बसवू नका, कामाला लावा.

चुका तीन झाल्या. त्यातल्या दोन तुमच्या आणि एक पावसाची.

पहिली म्हणजे फूल लाल होतं. लालावर निळा चढला तरी डोळ्याला दिसणार काय? दुसरी, ती जास्वंद होती. जास्वंदीचं आयुष्य एका दिवसाचं. सकाळी देवाला वाहिलेलं फूल पाण्याचा थेंब नसताना संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतं, हे तुम्ही रोज बघता की. ग्लासातलं पाणी ओढून घ्यायची तिला फारशी गडबडही नसते आणि तेवढा वेळही नसतो. तिसरी चूक जुलैची, आणि खरं शिकण्यासारखं तिच्यातच आहे.

फुलाच्या देठात पंप नसतो. असतात त्या केसाहून बारीक नळ्या. पाकळ्यांवरून आणि पानांवरून पाणी वाफ होऊन उडतं. नळीतलं पाणी एकमेकांना धरून असल्यामुळे वरचं गेलं की खालचं ओढलं जातं. म्हणजे पाणी चढवण्याचं काम बाहेरची कोरडी हवा करते. आता बघा, आपल्याकडे जुलैत दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, माळ्यावरच्या पापडांना बुरशी येते. कपड्यांतलं पाणी जिथं उडत नाही तिथं पाकळीतलं कुठून उडणार? खानापूर-जांबोटीकडे तर हवा इतकी ओली असते की जो प्रयोग मार्चमध्ये दुपारच्या जेवणाआधी रंग दाखवतो, तो आषाढात दुसऱ्या दिवसावर जातो. व्हिडिओ करणाऱ्याने तो कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात केला ते सांगितलं नव्हतं. खोटं बोलला नाही, अर्धं सांगितलं.

म्हणून तोच प्रयोग परत करा, पण निशिगंधावर. कुणी त्याला गुलछडी म्हणतं. एकेरी पाकळ्यांच्या, निम्म्या उमललेल्या चार काड्या आणा. पांढरी शेवंती देठासकट मिळाली तर तीही चालते. फक्त हारवाल्याकडची सुटी फुलं नकोत, त्यांना देठच नसतो. गणपतीच्या आठवड्यात बाजारात जाऊ नका, एका काडीला चार काड्यांचे पैसे मोजाल.

रंग खायचा हवा, जिलेबीत नाहीतर केशरी भातात घालतात तसला. रांगोळीचा रंग, पोस्टर कलर, कपड्यांची नीळ पावडर हे पाण्यात विरघळत नाहीत. नुसते मिसळल्यासारखे दिसतात, तासाभराने तळाशी बसतात, आणि देठाला लागले तर नळ्यांच्या तोंडाशीच अडकतात. निळा किंवा हिरवा घ्या. पिवळा चढला तरी कळत नाही. अर्धा ग्लास पाण्यात इतका घाला की पाणी शाईसारखं गडद व्हावं. इथं हात आखडता घेतला की प्रयोग बसलाच.

काडी कापायची ती पाण्यात बुडवून आणि तिरकी. परातीत पाणी घ्या, देठ पाण्याखाली धरा आणि कात्रीने वीतभर खाली कापा. बाहेर कापलं तर नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, आणि बुडबुडा बसला की पाण्याचा धागा तुटतो. बोअरच्या पाइपात हवा धरली की मोटार फिरते पण पाणी येत नाही, ते मुलाने पाहिलं असेल.

आता चार ग्लास. पहिल्यात रंगीत पाणी, पंख्यासमोर. दुसऱ्यात तेवढंच रंगीत पाणी, पण फुलांवर प्लास्टिकची पिशवी घालून देठाशी सैल बांधलेली. तिसरा रंगीत पाण्याचाच, खोलीच्या कोपऱ्यात. चौथ्यात नुसतं पाणी. वर्गात या चौथ्याला आम्ही 'साक्षीदार' म्हणायचो. ज्याच्यावर काहीच केलं नाही असा एक ग्लास बाजूला असल्याशिवाय दुसऱ्यात जे झालं ते रंगामुळे झालं की आपसूक झालं, हे ठरवता येत नाही. तुम्ही जास्वंद ठेवली तेव्हा साक्षीदार नव्हता. साध्या पाण्यात दुसरी जास्वंद असती, तर ती पण संध्याकाळी मिटलेली दिसली असती आणि मिटण्याचं खापर रंगावर फुटलं नसतं.

कुठला ग्लास आधी रंगेल ते पोरांनी आधी वहीत लिहायचं, मग वाट बघायची. तुम्ही सांगायचं नाही. हे सगळ्यात अवघड असतं. आईबापांना उत्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही, मास्तरांना तर त्याहून नाही.

रंग चढला की प्रयोग संपला असं समजू नका. खरी गंमत पुढे आहे. देठाची पातळ, आडवी चकती ब्लेडने कापा. हे काम तुमचं, मुलाचं नाही. चकती पांढऱ्या बशीत ठेवून उजेडात धरा. निशिगंधाच्या चकतीत निळे ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतील, रव्याच्या लाडवात खसखस दिसते तसे. शेवंतीच्या देठात तेच ठिपके काठाला धरून गोल मांडलेले दिसतात, मधला भाग कोरा. ऊस आडवा तोडून बघा, तो निशिगंधाच्या जातीचा, ठिपके पसरलेले. गवत, ज्वारी, मका, ऊस, निशिगंध हे बियात एक दल असणारे. शेवंती, जास्वंद, घेवडा दोन दलांचे. पुस्तकात यावर दोन पानं आहेत. बशीतली चकती बघितली की ती दोन पानं पाठ करावी लागत नाहीत.

जमलं तर देठ खालून चार बोटं उभा चिरा. एक भाग निळ्या पाण्यात, दुसरा लाल पाण्यात. शेवंतीचं फूल अर्धं-अर्धं रंगतं. निशिगंधाच्या काडीत मात्र रंगांची वाटणी इतकी सरळ होत नाही. का, ते मुलाला चकतीकडे बघून सांगू द्या.

राहिली जास्वंद. निळ्या पाण्याच्या प्रयोगाला ती नालायक, पण दुसऱ्या एका कामात तिला तोड नाही. चार-पाच लाल फुलांच्या पाकळ्या सोडवा, हिरवा भाग काढून टाका, वाटीभर कढत पाणी ओता, दहा मिनिटं झाका. पाणी जांभळट-तांबूस होईल आणि पाकळ्या फिकुटतील. गोकर्णीची निळी फुलं मिळाली तर आणखी चांगलं, रंग जास्त शुद्ध येतो. हे पाणी छोट्या पांढऱ्या वाट्यांत वाटून घ्या. कुंद्याच्या मिठाईच्या डब्यांची पांढरी झाकणं मी याच कामाला जपून ठेवतो. एक झाकण साक्षीदार. बाकीच्यांत थेंब-थेंब घाला: लिंबू, चिंचेचा कोळ, ताकाची निवळी, खायचा सोडा, साबणाचं पाणी, मीठ, साखर, चुलीतल्या राखेची निवळी.

जास्वंदीचं पाणी लिंबाने लालभडक होतं, सोड्याने हिरवट. गोकर्णीचं निळं पाणी लिंबाने जांभळं-गुलाबी, सोड्याने निळसर हिरवं. राख सोड्याच्या बाजूला जाते, म्हणून तर आज्जी राखेनं तेलकट भांडी घासायच्या. मीठ आणि साखर ढिम्म. पोरं इथं हिरमुसतात. हिरमुसू द्या. 'काही झालं नाही' हेही वहीत लिहायचं असतं, आणि त्याच अक्षरात.

यामागे अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आहे. आंबट पदार्थात त्याच्या रेणूची ठेवण एक, सोडा-साबणात दुसरी. ठेवण बदलली की प्रकाशातला कुठला रंग शोषायचा आणि कुठला परतवायचा हे बदलतं. जांभूळ, कोकम, वांग्याची साल यांच्यात याच घराण्यातली रंगद्रव्यं. रॉबर्ट बॉईल यांनी 1664 साली लिहून ठेवलं होतं की व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लाने तांबडा होतो आणि अल्कलीने, म्हणजे सोडा-राखेसारख्या पदार्थाने, हिरवा. लिटमसचा कागद शाळेत नसला की काही अडत नाही ते त्यामुळेच. आमच्या शाळेत तो बहुतेक वर्षं नसायचाच. जास्वंद मात्र कुंपणाला बारमाही.

इथं एक सापळा लावायचा. मुलाला विचारा: गोटी सोडा घातला तर काय होईल? "सोड्याने हिरवं झालं, म्हणजे यानेही हिरवं," असं तो ठासून सांगेल. साधा, बिनमसाल्याचा गोटी सोडा फोडा आणि गोकर्णीच्या पाण्यात घाला. रंग किंचित जांभळट बाजूला, म्हणजे लिंबाच्या दिशेला सरकतो. नाव सोडा, पण बाटलीत असतो पाण्यात दाबून विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड, आणि तो पाण्यात आम्ल होतो. खायचा सोडा नेमका उलट. या एका वाटीवर माझ्या वर्गात तास संपेपर्यंत भांडण चालायचं. नंतर कुणी कधी 'सोडा' एवढंच लिहून मोकळं झालं नाही, कुठला सोडा ते लिहायचं.

धाकटीसाठी याचंच सोपं रूप. लाल पाकळी पांढऱ्या कागदावर घासायची. जास्वंदीनं बूट चमकवतात, पण लहानपणी आम्हाला बूट नव्हते म्हणून पाटीची चौकटच तिनं पॉलिश करायचो, तशी. कागद वाळला की फिकट जांभळा होतो. काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसात बुडवायचा आणि लिहायचं. अक्षरं गुलाबी उमटतात. साबणाच्या पाण्याने लिहिलं तर हिरवट. माझ्या नातीने अशी एक चिठ्ठी शेजारच्या मैत्रिणीला पाठवली, तिने ती तशीच दप्तरात ठेवली, आणि दोन दिवसांनी रंग उडाल्यावर दोघी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. रंग का उडाला यावर पुढचा प्रयोग: एक चिठ्ठी उन्हात, एक वहीत मिटून. तुमच्याकडे ऊन कधी पडतं त्यावर अवलंबून.

मोठ्याला यापुढे न्यायचं असेल तर माती घ्या. हा प्रयोग आपल्या जिल्ह्यात जितका चांगला होतो तितका फार थोड्या जिल्ह्यांत होत असेल, कारण तासा-दोन तासांच्या एसटी प्रवासात माती पार बदलते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची तांबडी, जांभ्याची. बैलहोंगल, अथणीकडची काळी. तुमचं माहेर-सासर कुठं आहे मला ठाऊक नाही, पण पाहुण्यांत एखादं घर काळ्या रानात असेलच. दोन्हीकडची मूठ-मूठ माती मागवा. एक भाग मातीला दोन भाग पावसाचं पाणी घाला, ढवळा, रात्रभर ठेवा, वरची निवळ हलक्या हाताने ओतून घ्या. त्यात गोकर्णीच्या अर्काचे मोजून सारखे थेंब. नुसत्या पावसाच्या पाण्यात तेवढेच थेंब, तो साक्षीदार. काळ्या मातीची निवळ हिरवटाकडे झुकते, तांबडीची निळी राहते किंवा कणभर जांभळी. फरक भडक नसतो, पांढऱ्या कागदावर वाट्या शेजारी-शेजारी ठेवून बघावा लागतो, आणि निवळ गढूळ असेल तर रंगावर भरवसा ठेवू नका. कारण असं की घाटाकडच्या मुसळधार पावसात मातीतले चुन्यासारखे क्षार वर्षानुवर्षं धुऊन जातात. अथणीकडे पाऊस कमी, ते तिथंच साचून राहतात. काळ्या रानात नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, ते तेच. याच रीतीने राकसकोप धरणाचं नळाला येणारं पाणी आणि तुमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी यांची तुलना करता येते. निकाल इथं लिहीत नाही.

पारिजातक ज्यांच्या दारी आहे त्यांना श्रावण ते आश्विन फुकटचं गणित. सकाळी अंगणात सडा पडतो. पोरांना शंभर फुलं उचलायला लावा आणि प्रत्येकाच्या पाकळ्या मोजायला. सगळी फुलं सारखी असा आपला समज असतो. मोजल्यावर पाचची सापडतात, सहाची, सातची, आठचीही. अंगणातच खडूने रकाने आखा आणि फुलंच ढीग करून मांडा. वहीत आलेख काढायच्या आधी अंगणात आलेख तयार होतो. कुठला ढीग सगळ्यात उंच होतो ते मी मुद्दाम सांगत नाही. शेजारच्या झाडाची शंभर फुलं मोजून तोच ढीग उंच येतो का, हा दुसऱ्या दिवसाचा अभ्यास. मोजून झाली की पांढऱ्या पाकळ्या बाजूला आणि केशरी दांड्या वेगळ्या. दांड्या कोमट पाण्यात भिजवल्या की केशरासारखा पिवळा-केशरी रंग सुटतो, आणि तो केशरासारखा का, तर केशरातल्या रंगद्रव्याच्या घराण्यातलंच हे आहे. पूर्वी यात रेशीम रंगवत. रुमाल बुडवा, वाळवा. मग त्या पाण्यात लिंबू पिळा, सोडा घाला. रंग फारसा ढळत नाही. जास्वंद लगेच फिरते, पारिजातक फिरत नाही. प्रत्येक फुलाचा रंग एकाच जातीचा नसतो, हे दोन वाट्यांत दिसतं.

अबोलीचा प्रयोग दोन मिनिटांचा, पण पोरांच्या कायम लक्षात राहणारा. गजऱ्यातली अबोली उपयोगाची नाही, झाड असलेलं घर शोधा. फुलं झडून गेल्यावर कणसात वाळलेली तपकिरी बोंडं राहतात. चार-पाच बोंडं बशीत ठेवा, वर पाण्याचे थेंब टाका, आणि तोंड लांब ठेवून वाट बघा. टच्च! बोंड दुभंगतं आणि बिया उडतात. वाळताना बोंडाच्या भिंती ताणलेल्या राहतात, सांध्याला पाणी लागलं की सांधा सुटतो आणि ताण एकदम मोकळा होतो. पाऊस पडेल तेव्हाच बी बाहेर पडावं अशी त्या झाडाने केलेली सोय. पोरांना विचारा: तेल टाकलं तर फुटेल? थंड पाणी आणि कोमट पाणी, आधी कुठलं? डोळ्यांना चष्मा लावा, नाहीतर किमान अंतर ठेवा. तेरड्याची बोंडं याच्या उलट, ती पिकल्यावर हिरवी असतानाच बोट लागताच फुटतात, पाणी लागत नाही. घाटात तेरडा श्रावण-भाद्रपदात सगळीकडे आहे.

फूल उघडून बघायचं असेल तर परत जास्वंद, आणि पाच पाकळ्यांची साधी. डबल जास्वंद देवाला छान दिसते, पण आत सगळा गोंधळ, केसरांच्याच पाकळ्या होऊन बसलेल्या. साध्या फुलाच्या तळाशी हिरव्या बारीक पानांची एक झालर, तिच्या आत एकमेकांना जोडलेल्या निदलांची हिरवी वाटी, मग पाच लाल पाकळ्या. मधली लांब दांडी म्हणजे नळी असते. ती नखाने उभी फाडली की आतून दोऱ्यासारखा तंतू निघतो. नळीवर पिवळे परागकोश, आणि तंतूच्या टोकाला मखमली पाच ठिपके, ती कुक्षी. तंतू धरून खाली-खाली गेलं की तळाशी मोत्याएवढं अंडाशय. ते आडवं कापा. पाच खण. मग स्वयंपाकघरात जाऊन भाजीसाठी आडवी चिरलेली भेंडी आणा. बहुधा पाच खणांची तीच चांदणी, फक्त मोठी. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले. भेंडीचं फूल पिवळं असतं पण मधली दांडी तीच, हे कुणा शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

मुलगा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात असेल तर शब्दांची अडचण येईल. येऊ द्या. एका फुलाच्या चित्राला तिन्ही भाषांत नावं लिहायची. पाकळीला इकडच्या कन्नडात 'पकळे' म्हणतात, पराग दोन्हीकडे पराग. शेजारच्या अक्कांना विचारत-विचारत तक्ता भरला की विज्ञानाबरोबर गल्लीही पाठ होते.

पराग बघायला भिंग लागत नाही. जुन्या फोनच्या कॅमेऱ्यावर काडीच्या टोकाने पाण्याचा मोहरीएवढा थेंब ठेवा, फोन अलगद उलटा करा. थेंबच भिंग होतो. परागकणांचे पिवळे गोळे आणि फुलपाखराच्या पंखावरची खवलं बघून माझी सगळ्यात दंगेखोर तुकडी पाच मिनिटं शांत बसली होती. नवा फोन वापरू नका, थेंब आत उतरला तर मला बोल लावाल.

बोगनवेलीचं एक 'फूल' धाकटीला द्या आणि फूल कुठं आहे ते शोधायला सांगा. तीन रंगीत कागद ती फुलाच्या पाकळ्या समजेल. ती पानं आहेत. खरी फुलं त्यांच्या पोटाला चिकटलेल्या तीन पांढुरक्या नळ्या.

मार्चपर्यंत धीर धरलात तर करडई. विजापूर-अथणीकडच्या काळ्या रानातली, काट्यांची. वाळलेले केसर मूठभर मागवा. कन्नडात तिला 'कुसुबी' म्हणतात, आणि आपल्याकडे करडई म्हटलं तरी साडीचा रंग मात्र कुसुंबीच. केसर फडक्यात बांधून गार पाण्यात पिळत राहा, पिवळा रंग निघतो, पाणी पाच-सहा वेळा बदलून तो संपवा. मग तेच फडकं गार पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर. सोड्याला हात तुम्ही लावायचा. आता दडलेला तांबडा रंग उतरतो. पाणी गाळून लिंबू थेंब-थेंब पिळा, फेस येईल, सांभाळून. तपकिरी-तांबूस पाणी गुलाबी-लालाकडे वळतं. त्यात पांढऱ्या सुती कापडाची पट्टी टाकून ठेवा. एकाच फुलात दोन रंग, एक साध्या पाण्याला भुलणारा आणि दुसरा सोड्याशिवाय न हलणारा. पाणी गरम करू नका, तांबडा बिघडतो. मी पहिल्यांदा उकळलं होतं आणि हाती फक्त चिखलासारखं पाणी राहिलं.

काही फुलांना हात लावू नका. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि धोतरा ही विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखानाच. घाणेरीचे रंग बघायला छान, पण हिरवी फळं पोटात जाता कामा नयेत. पानाचा चुना प्रयोगाला वापरायचा असेल तर मोठ्यांनी, डोळे सांभाळून. बाजारच्या गुलाब-शेवंतीवर औषध मारलेलं असतं, आधी धुऊन घ्या. आणि प्रयोगाचं पाणी कितीही सरबतासारखं दिसलं तरी प्यायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना. गोकर्णीचं गुलाबी पाणी मी टेबलावर ठेवलं होतं आणि आमच्या हिने ते कोकम समजून फ्रीजमध्ये ठेवलं, तेव्हापासून बाटलीवर नाव लिहितो.

आता तुमच्या मुलासाठी एक राहिलेलं काम. पुन्हा एक जास्वंद निळ्या पाण्यात ठेवा, पावसातच. या वेळी शेजारी साध्या पाण्यात साक्षीदार. संध्याकाळी दोन्ही मिटतील. टाकून देऊ नका. निळ्या पाण्यातल्या फुलाचा देठ पाण्याच्या पातळीच्या वर अर्ध्या बोटावर आडवा कापा, मग आणखी वर, मग फुलाच्या अगदी खाली. प्रत्येक चकती पांढऱ्या बशीत ओळीने मांडा. निळे ठिपके कुठवर आलेत ते त्याने पट्टीने मोजावं. वरच्या चकतीतही निळं दिसलं तर पाणी चढलं होतं, फक्त लाल पाकळीने ते लपवलं. खालीच थांबलं असेल तर व्हिडिओवाल्याला त्याने काय कळवायचं ते तोच ठरवेल.